मशीन आलं, पण शीर कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार,

डायलिसिसचं नवीन मशीन आलं, रिबीन कापली, फोटो काढला अशा बातम्या पेपरात येत असतात, येऊ देत, चांगलंच आहे. २०१६ च्या बजेटमधे केंद्राने डायलिसिसची योजना काढली त्यानंतर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत गरिबांची फुकट सोय व्हायला लागली, किती घरं त्यावर उभी आहेत. पण मशीनला रक्त द्यायचं कुठून हे कोणी लिहीत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले.

आमचे हे चार वर्षं झाली डायलिसिसवर आहेत. आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास. मशीन मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त ओढतं, आपल्या साध्या शिरेतनं तेवढं येतच नाही, म्हणून हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात, तो फिस्टुला. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरलं की ती हळूहळू जाड होते, रुंद होते, मग सुया झेलते. एका वेळी दोन सुया, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर, करा हिशोब. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी १९६६ मधे हे जगासमोर मांडलं, म्हणजे नवीन काहीच नाही यात. फक्त शीर तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी तीन, म्हणजे हे आधी करून ठेवायचं काम आहे.

आमच्याकडे सगळं उलटं झालं. ह्यांना शुगर, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, तीन वर्षं चढत होतं, साडेतीन असताना टायफॉइड झाला म्हणून पाच दिवस अ‍ॅडमिट केलं, तर तिथं डाव्या मनगटाच्या वर सलाईनची सुई लावली, ती सुजली म्हणून जरा वर दुसरी, मग तिसरी. फाइलवर किडनीचं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं हो! उजव्या हाताने लिहिणारा माणूस, म्हणजे फिस्टुला डाव्या हातात करायची वेळ येणार हे त्यांना ठाऊक असणारच, आम्हाला कुठून असायला. तळहाताच्या मागे सुई लावली असती तर चाललं असतं हे मला नंतर कळलं. पुढे डायलिसिसची वेळ आली, सर्जननी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली आणि म्हणाले, बेन, मनगटाची शीर तर सुयांनी बंद पडलेली आहे. मग फिस्टुला कोपराजवळ केला.

तो तयार होईपर्यंत आधी मानेत कच्ची, म्हणजे तात्पुरती नळी, नंतर छातीवरनं बाहेर काढलेली जास्त दिवसांची नळी, परमकॅथ. डोक्यावरनं अंघोळ बंद. आणि एक दिवस मशीन लावून अर्धा तास झाला असेल नसेल तर हे थंडीने असे थडथडायला लागले की खुर्ची हलत होती, मी पाय दाबून धरले होते. नळीतनं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. परत आठ दिवस अ‍ॅडमिट.

आता फिस्टुला चालू आहे. त्यावर बोटं ठेवली की पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर जसं थरथरतं ना तसं लागतं, कान लावला तर सूं सूं ऐकू येतं. आमच्याकडे सकाळच्या चहाच्या आधी हेच बघायचं. मागच्या वर्षी डायलिसिसवरनं आल्यावर बीपी फार खाली गेलं, हे तसेच झोपले, सकाळी बघते तर भिंत गप्प. चहा तसाच ठेवून रिक्षाने गेलो, त्याच दिवशी गुठळी काढली, आतली अरुंद जागा फुग्याने मोठी केली म्हणून फिस्टुला वाचला. उद्या बघू म्हटलं असतं तर गेलाच होता.

लोकांना याचं काहीच माहीत नसतं, आणि त्यात शिकलेलेही आले. एका तपासणी शिबिरात बीपीचा पट्टा सरळ त्याच हातावर गुंडाळत होते, मी ओरडले तर म्हणे मावशी, एका मिनिटाने काय होतंय. सेंटरमधे एक बाई येतात, त्यांचा फिस्टुला डाव्या मनगटाला, घट्ट बांगड्या नको म्हणून सांगितलंय पण सासूबाई काढू देत नाहीत, मोकळा हात बरा दिसत नाही म्हणून. सुईची तर रोजची भांडणं, एकाच जागी टोचून टोचून तिथं फुगा येतो, जागा बदलायला पाहिजे, पण ती जुनी जागा बधिर झालेली असते ना, मग पेशंटलाच तीच हवी असते! आणि आपल्या बडोद्यातली उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी. मांजा त्या शिरेवर लागला तर रक्ताची चिळकांडी उडेल, बोटाने नेमक्या जागी दाबून धरायचं, हात वर करायचा आणि १०८ ला फोन, टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, खालनं रक्त जात राहतं आणि कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, किडनीचा रिपोर्ट बिघडायला लागला की डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहावं, या हाताला सुई नाही, बीपी नाही, आणि घरच्यांना तेव्हाच सर्जनकडे पाठवावं. पेशंट घाबरेल म्हणून सांगत नाहीत म्हणे. अहो, मानेत नळी घालताना काय कमी घाबरतो?

पत्र छापलंत तर कात्रण सेंटरच्या बोर्डवर लावीन म्हणते, तिथं सध्या फक्त स्कूटर कुठं लावायची एवढंच लिहिलंय.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा