पोस्टरमधला अडसर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रपट-पोस्टरांच्या प्रदर्शनाबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या नाशिक आवृत्तीत एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. परदेशी प्रेमपटांची पोस्टर समोर ठेवून मुले निव्वळ नक्कल शिकतात, तेव्हा हा अभ्यासच बंद करावा, असा त्या पत्राचा सूर होता. मी उपयोजित कला शिकवतो आणि प्रदर्शनातली काही पोस्टर माझ्याच वर्गातली होती, म्हणून हे उत्तर. नकलेबद्दलची तक्रार मला बव्हंशी मान्य आहे. सुचवलेला उपाय मात्र मान्य नाही, कारण मुलांनी ती पोस्टर पाहिली ती वरवर, आणि बिघडले ते तिथेच.

हा अभ्यास बहुतेक ठिकाणी कसा होतो ते सांगतो. विद्यार्थ्याला ‘रोमँटिक कॉमेडी’ हा प्रकार दिला जातो. तो इंटरनेटवरून दहा-बारा पोस्टर उतरवून घेतो, वहीत चिकटवतो आणि शेजारी रंग, अक्षरे, मांडणी, छायाचित्र असे रकाने आखून ते भरून टाकतो: पांढरी किंवा गुलाबी पार्श्वभूमी, लाल अक्षरे, पाठीला पाठ लावून उभे असलेले नायक-नायिका, दोघांच्याही चेहऱ्यावर हसू. चार-पाच ठिकाणी तेच आढळले की तो नियम ठरतो, आणि मग त्याचे स्वतःचे पोस्टर म्हणजे त्या रकान्यांची बेरीज होऊन बसते. प्रदर्शनातल्या एका पोस्टरवर नायिकेचे नाव नायकाच्या डोक्यावर आणि नायकाचे नायिकेच्या डोक्यावर होते. चित्रपट काल्पनिक, नावेही काल्पनिक, मग ही उलटापालट कशासाठी, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘सर, तसंच असतं.’ तसे असते, हे खरेच आहे. पण कोणाचे नाव आधी, म्हणजे डावीकडे, यायचे हे कलावंतांच्या करारात ठरलेले असते आणि चित्रात कोण कुठे उभा राहणार हे मांडणी करणारा ठरवतो, त्यामुळे पुष्कळदा दोहोंचा मेळ बसत नाही. तळाशी दाटीवाटीने छापलेल्या त्या उंच, चिंचोळ्या श्रेयनामावलीचेही तसेच आहे: अक्षरांची उंची कराराने बांधलेली असते, रुंदी मोकळी असते, म्हणून जागा वाचवण्यासाठी अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबली जातात. वर्गातल्या काल्पनिक चित्रपटाला कसला आला आहे करार?

पाठीला पाठ लावून उभे राहण्यामागेही कारण आहे, आणि ते शोधणे हाच खरा अभ्यास. दोन्ही तारकांचे चेहरे प्रेक्षकाकडे पूर्ण वळलेले हवेत, कोणाचाही चेहरा झाकला जाता कामा नये, अंगाला अंग लागलेले दिसावे आणि तरी दोघांत काही बिनसले आहे असेही वाटावे, या सगळ्या अटी ती एक उभे राहण्याची तऱ्हा पुऱ्या करते. पांढऱ्या पार्श्वभूमीची सोय आणखी वेगळी: वेगवेगळ्या वेळी काढलेली छायाचित्रे तिच्यावर बेमालूम जोडता येतात. ‘प्रिटी वूमन’च्या (१९९०) प्रसिद्ध पोस्टरवर ज्युलिया रॉबर्ट्स यांचा फक्त चेहरा आहे, शरीर दुसऱ्याच मॉडेलचे आहे. हे सांगितले की मुले हसतात. पण त्याच पोस्टरवर नायिकेने नायकाचा टाय धरून ओढला आहे, याकडे त्यांचे लक्ष अगदी सहज जात नाही. तो सुटाबुटातला श्रीमंत, ती रस्त्यावरची. आणि ओढणारा हात तिचा. दोघांमधली दरी आणि ती कोण ओलांडणार याचा अंदाज त्या टायने दिला आहे. रकान्यांच्या वहीत टायला जागा नसते.

प्रेमाच्या विनोदी गोष्टीत शेवट काय होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असते. तो पैसे मोजतो ते दोघांमधला अडसर कोणता आणि तो दूर होताना कशी फजिती उडते, हे पाहण्यासाठी. म्हणून चांगल्या पोस्टरला दोन गोष्टी एका दमात सांगाव्या लागतात: या दोघांचे जमणार, आणि अजून जमलेले नाही. आमचे विद्यार्थी पहिली गोष्ट उचलतात. तिच्यासाठी गुलाबी रंग आणि बदामाचे चिन्ह तयारच असते. दुसरी राहून जाते, आणि पोस्टर लग्नपत्रिकेसारखे दिसू लागते. ‘नॉटिंग हिल’च्या (१९९९) पोस्टरवर भिंतभर नायिकेचा चेहरा आहे आणि त्याच्यापुढून चालत जाणारा नायक त्या मानाने एवढासा आहे. ती जगप्रसिद्ध नटी, हा साधा पुस्तकविक्रेता. अडसर आहे तो तिच्या प्रसिद्धीचा, आणि तो केवळ आकारांच्या फरकातून दाखवला आहे. आपल्याकडे ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने (२०१०) तो थेट नावातच घातला. मराठी प्रेक्षकाला त्या दोन शहरांमधले भांडण समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे अशा चित्रपटाच्या पोस्टरवर अक्षरांना निम्मे काम आयतेच मिळते.

त्या प्रदर्शनात दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे पोस्टर कोपऱ्यात लागले होते, बहुधा त्यात गुलाबी रंग नव्हता म्हणून. तिने रचलेली गोष्ट निफाडकडची आहे: बागाईतदाराची मुलगी, द्राक्षे घेणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा, आणि दोघांचे बोलणे म्हणजे नुसती भावाची घासाघीस. पहिल्या कच्च्या आराखड्यात हे दोघेही रिवाजाप्रमाणे पाठीला पाठ लावून उभे होते आणि मागे द्राक्षांचे घड लोंबत होते. या दोघांच्या मध्ये काय आहे, एवढेच तिला विचारले. ती म्हणाली, ‘भाव.’ मग भाव डोळ्यांना दिसणार कसा, यावर वर्गात बराच खल झाला आणि ती पुन्हा त्या टायच्या पोस्टरकडे वळली. शेवटच्या मांडणीत द्राक्षांनी भरलेला प्लॅस्टिकचा एक क्रेट दोघांनी दोन बाजूंनी धरला आहे आणि प्रत्येक जण तो आपल्याकडे ओढतो आहे. क्रेट किंचित तिच्या बाजूला कललेला, तिची नजर मालावर, त्याची तिच्यावर. क्रेटमुळे दोघांत हातभर अंतर राहते आणि दोघे बांधलेही जातात त्या क्रेटनेच. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे झाले तरी त्यातली ओढाओढ कळते, आणि आज पोस्टर पहिल्यांदा पाहिले जाते ते त्याच आकारात. यात परदेशी पोस्टरची एकही रेघ नाही, पण ते पोस्टर पाहिले नसते तर हा क्रेट सुचला नसता, असे ती स्वतःच सांगते.

(गुलाबी रंगाविषयी जाता जाता एक सांगायला हवे. संगणकाच्या पडद्यावर झळाळणारा गुलाबी छपाईच्या चार शाईंत तसाच्या तसा उतरत नाही, तो मळकट होतो. प्रदर्शनातल्या अर्ध्याअधिक पोस्टरांचा रंग उडाल्यासारखा का दिसत होता, असे आपल्या वाचकाने विचारले आहे. त्याचे मुख्य कारण हेच.)

नकलेचा सर्वांत वाईट फटका अक्षरांना बसतो. रोमन लिपीतली मोठी अक्षरे एका उंचीची असतात, ती एकमेकींवर ओळीने रचता येतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा आहेत, खाली उकार आहेत. ओळी तशाच जवळ आणल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो, आणि चिंचोळी करून दाबलेली जोडाक्षरे तर वाचताच येत नाहीत. हे अवघडलेपण विनोदाच्या कामी लावता येते, हे मात्र मुलांना कोणी दाखवत नाही. शीर्षकातली एखादी वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर छत्रीसारखी धरता येते, शिरोरेषा मध्येच तोडून दोन नावे दूर करता येतात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने रेखाटलेली शीर्षके पाहावीत: वर्तमानपत्राच्या कागदावर, केवळ काळ्या शाईत, छायाचित्राचा आधार न घेता, नाटकाचा स्वभाव अक्षरांतूनच कळतो. संगणकावर आज बलू किंवा मोदक यांसारखे गुबगुबीत देवनागरी टाइप फुकट मिळतात आणि ते चांगलेही आहेत, पण प्रत्येक विनोदी पोस्टरवर तोच गुबगुबीतपणा दिसू लागला की त्यातली गंमत जाते.

यासाठीच आपल्याकडे एक विनंती आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) जाहिरात केली ती ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, अशा मजकुरावर. प्रेक्षकाच्या हाती काय पडणार हे चार शब्दांत सांगण्याची ती रीत वर्तमानपत्रांतल्या नाटक-सिनेमाच्या जाहिरातींनी पुढे अनेक वर्षे सांभाळली. आपल्या कार्यालयातील जुन्या अंकांच्या फायलींमध्ये ती पाने असणारच. ती विद्यार्थ्यांना पाहू द्यावीत आणि मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. शहरातल्या चित्रपटगृहांच्या चालकांनाही आपल्यामार्फत सांगणे आहे, की उतरवलेली कागदी पोस्टर रद्दीत घालण्याआधी एकदा आमच्याकडे विचारणा करावी. आम्ही ती स्वतः येऊन घेऊन जाऊ. आपल्या कार्यालयात मुले येतील ती आपल्या सोयीच्या वेळी आणि चार-पाचांच्या गटाने येतील, आणि त्यांच्यापैकी कोणाजवळही कात्री नसेल, याची हमी मी घेतो.

आपला,
एक कलाशिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक