बाबा, ढेकर मुद्दाम काढू नका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या सीपॅप मशीनचं, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणाऱ्या त्या यंत्राचं, मी परस्परच ठरवून टाकलंय; गुरुवारी झोपेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि तुमचं "बघू" आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी पोट ढोलासारखं फुगतं म्हणून तुम्ही मास्क काढून ठेवता, हे आईकडून मीच खोदून काढलं. तिच्यावर चिडू नका.

मशीनचा दोष नाही. घशातली वाट उघडी राहावी म्हणून ते दाबाने हवा सोडतं. दाब गरजेपेक्षा जास्त असला, नाक चोंदलं किंवा झोपेत तोंड उघडं पडलं, की त्यातली थोडी हवा अन्ननलिकेतून पोटात उतरते. डॉक्टर मशीनमधली नोंद बघून दाब बदलतील किंवा श्वास सोडताना तो उतरेल असं सेटिंग करतील. म्हणून मशीन आणि मास्क दोन्ही न्यायचं. तोवर स्वतः दाब बदलायचा नाही आणि मशीन बंद तर मुळीच नको. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटिमीटरचे ठोकळे लावून घ्या. नुसत्या उशा चढवल्या तर पोट दुमडतं, उलट त्रास.

आता दिवसाचे ढेकर. जेवणानंतर दोनचार आले तर येऊ देत. पण बाबा, मोकळं वाटावं म्हणून तुम्ही ढेकर "आणता", तेव्हा हनुवटी आत घेऊन आधी हवा ओढता. ती बहुतेक वेळा जठरापर्यंत पोचतही नाही, अन्ननलिकेतूनच परत फिरते. म्हणून एक काढला की दुसरा तयार! झोपेत किंवा गप्पा रंगल्या की हे ढेकर थांबतात. आईला लक्ष ठेवायला सांगा. गॅसची गोळी पोटातले बुडबुडे फोडते, हवा गिळणं थांबवत नाही.

उबळ आली की ओठ किंचित विलग ठेवा आणि जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवा. तोंड उघडं असलं की गिळणं अवघड जातं. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने ४ सेकंद श्वास घ्या, ६ सेकंदांत सोडा. वर यायला हवा तो पोटावरचा हात. सकाळ-संध्याकाळ ५ मिनिटं, शिवाय जेवणानंतर. मला ताप आला की उशाशी बसून "सावकाश श्वास घे" म्हणायचात ना, अगदी तसंच.

आई, तुझी कवळी सैल झाली आहे. ती सारखी जिभेने सावरावी लागते, लाळ जास्त सुटते आणि लाळेच्या प्रत्येक घोटाबरोबर हवा जाते. दंतवैद्य आतून नवा थर देऊन ती घट्ट बसवतात, नवीच करावी लागेल असं नाही. पेपरमिंट चघळणं मात्र आजपासून बंद. दोघांनीही जेवायला २० मिनिटं द्या, घास तोंडात असताना बोलू नका, गरम काही भुरकत पिऊ नका.

घाबरवत नाहीये, पण गिळताना घास अडकला, वजन आपोआप उतरलं किंवा शौचाला काळं झालं, तर लगेच डॉक्टरांकडे. आणि छातीत दाटून घाम फुटला, जबडा किंवा हात दुखला, धाप लागली, तर "गॅस असेल" म्हणत ढेकराची वाट बघायची नाही. आधी रुग्णवाहिका बोलवायची, मला फोन नंतर.

तुमची,
बेबी