घंटेपाशी बसला होतास ते

चि. मन्यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या जपानातल्या त्सुमागो गावी पोस्टापाशी त्या काळ्या लाकडी पेटीत टाकलेलं कार्ड काल घरी आलं. माझा चष्मा पिशवीच्या तळाशी गेला होता म्हणून मजकूर तूच लिहिलास. ‘आई मागोमे गावापासून इथवर आठ किलोमीटर चालली, एकदाही थांबली नाही.’ खरं आहे. थांबलास तू. खिंडीच्या अलीकडे, अस्वलं लांब राहावीत म्हणून टांगलेल्या त्या घंटेपाशी. छातीवर हात ठेवून बसलास, ओठ पांढरे पडलेले, आणि वर मलाच म्हणालास, “दादाला सांगू नकोस.” अजून सांगितलेलं नाही.

हा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. असो.

त्सुमागोचा तो रस्ता डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्हीकडे काळपट लाकडी घरं, उभ्या पट्ट्यांच्या जाळ्या, कुठे फळ्यांच्या छपरावर रांगेने ठेवलेले धोंडे. विजेची एक तार दिसत नाही, दिवसा मोटारींना बंदी. तू सांगत होतास, एदो, म्हणजे जुनं टोकियो, ते क्योतो या डोंगरवाटेवरच्या ६९ मुक्कामांपैकी हा ४२वा. पुढे रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओस पडत गेलं. १९६८पासून घरं दुरुस्त व्हायला लागली, १९७१मध्ये गावकऱ्यांनी आपसात ठरवलं : विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारच्या संरक्षित यादीत गाव आलं ते १९७६ला, म्हणजे गावाचं आधी ठरलं होतं. हे सगळं मी ऐकत होते, पण कान तुझ्या श्वासाकडे होते. सपाट रस्त्यावरही तुझं वाक्य मध्येच तुटत होतं.

तिथलं ओकुया नावाचं जुनं घर मला सर्वांत आवडलं. पूर्वी तिथे हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, एक झाड तोडलं तर एक मुंडकं जायचं, आणि ती बंदी उठल्यावर १८७७मध्ये हिनोकीनेच बांधलेलं ते घर. जमिनीतल्या चौकोनी चुलीचा धूर वर चढत होता आणि जाळीतून आलेली उन्हं त्यात तिरपी उभी होती. मला एकदम आपल्या वाड्याचं माजघर दिसलं. काकू धुरात डोळे पुसत भाकऱ्या थापायच्या आणि तुझे बाबा उंबऱ्यावर बसून बशीत चहा ओतायचे. त्या तुळया कुणी नेल्या कोण जाणे. बिल्डरच्या कागदावर सही करताना बाबांचा हात थांबला होता, ते मी एकटीनेच पाहिलं.

बाबाही ‘ॲसिडिटी आहे’ असंच म्हणत होते. तीन आठवडे म्हणत होते. तूही घंटेपाशी तोच शब्द वापरलास.

रात्री साडेदहाला जेवायचं, तेही दुकानातले भाताचे थंड त्रिकोण, मग दोनपर्यंत तो लॅपटॉप. चाळिशी आली तुझी. परक्या देशात चौथ्या मजल्यावर एकटा राहणाऱ्याने अंगाकडे लक्ष द्यायला नको का? घरात खाली पडलास तर सकाळी कोण दार ठोठावणार आहे?

चुकलं. असं लिहायला नको होतं. आठ दिवस तू मला तळहातावर ठेवलंस आणि मी तुला ओरडते आहे.

वाटेवरच्या त्या चहाच्या घरात आजोबांनी पैसे न घेता चहा दिला, तेव्हा तू त्यांच्याशी किती वेळ जपानीत बोलत होतास! ते मोठ्यांदा हसले, माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते तू नीट सांगितलंच नाहीस. पाचवीत धडा वाचताना अडखळून रडणारा मुलगा तो हाच, असं मला त्यांना सांगायचं होतं. भाषाच येत नव्हती.

अक्रोड आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, ते गोड-खारट वाटण लावून भाजलेला भात मी इथे करून पाहिला. मिसो नव्हतं, चिंच-गूळ घातला. दादाच्या मुलींनी संपवला. त्यांना घंटेचं काही बोलले नाही.

ईसीजी काढलास का? एवढंच कळव. काढला नसशील तर तेही कळव, मी रागावणार नाही. दादापासून मात्र हे दिवाळीपर्यंतच लपवून ठेवीन.

रविवारी तुमच्या सातला फोन करते. जिना चढून आला असशील तर लगेच उचलू नकोस. आधी बस, पाणी पी. मी पुन्हा लावीन.

तुझी,
आई