बांगडा स्वस्त, पण सोमवार आहे

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या आरोग्याच्या पानावर आहाराचे तक्ते येतात ते वाचतो, पण माणूस फक्त चव, खिसा आणि वजन बघून खातो हे काही पटत नाय. आमच्या मालवणात सोमवारी बांगडा मातीमोल भावाने मिळू दे, आई घेणार नाय म्हणजे नाय, वार आहे ना! आणि तोच बुधवारी दुप्पट पैसे मोजून आणणार, तिरफळं घालून तिखलं करणार. जून-जुलै सरकारची मासेमारी बंदी, तेव्हा सुकटीवर भागवायचं, मग श्रावण लागतो म्हणजे परत कळ काढा नारळी पौर्णिमेनंतरही. उलट कोकणात काही घरांत गौरीला चक्क तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो, शहरातल्या लोकांना सांगितलं तर डोळे मोठे करतात.

१९९५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणूस खाणं कशावरून निवडतो याची ३६ मुद्द्यांची प्रश्नावली काढली, त्यात आरोग्य, किंमत, सोय, सवय वगैरे ९ कारणं. पुढे तीच वेगवेगळ्या देशांतल्या बायकांना दिली तर जपानमध्ये किंमत वर आली, न्यूझीलंडमध्ये चव. म्हणजे प्रश्न एकच, देश बदलला की उत्तर बदललं. पण ‘आज वार कुठला’ हा मुद्दा त्या ३६ मध्ये नव्हताच, आमच्या आईने तो पहिला लिहिला असता!

तेव्हा पुढचा तक्ता छापताना ओट्सच्या जोडीला उपासाचे वार, सोलकढी आणि पेजेलापण जागा द्या की जरा.

- एक वाचक, मालवण