आडाळो, कोबी आणि माझी पीएचडी

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधात तुमचं नाव नाही. तिथे तुम्ही ‘सहभागी क्रमांक 4’ आहात, नियमच तसा. त्यातून प्रबंध इंग्रजीत. म्हणून आभार इथे, मराठीत आणि सगळ्यांसमोर. नातीकडून वाचून घ्या. नाव इथेही घालत नाही, पण डोंबिवलीत तुमच्या पोळी-भाजीसाठी रांग लावणारे बरोबर ओळखतील.

पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात वही आणि मोजपट्टी होती. घरातल्या रोजच्या वस्तूंवर गोष्टी लिहायच्या आणि त्यातून त्या वस्तूंचं डिझाइन समजून घ्यायचं, हा माझा विषय. तो ऐकून तुम्ही म्हणालात, “म्हणजे शाळेतलं फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त?” आमच्या समितीतही एकांनी हेच विचारलं होतं, फक्त न हसता. संमतीपत्रावर सही करताना मात्र तुम्ही दोनदा खात्री करून घेतलीत, की मी घर लिहून घेत नाहीये.

विळीबद्दल, म्हणजे तुमच्या बोलीतल्या आडाळोबद्दल, मी ढीगभर प्रश्न विचारले. तुमचं उत्तर एकच: “त्यात काय सांगायचं? बसायचं नि चिरायचं.” मग पात्याची उंची, पाटाची लांबी-रुंदी मोजून नेली. आराखडे सुरेख आले. कळलं काहीच नाही.

शेवटी गोष्ट लिहिली आणि तुम्हाला वाचून दाखवली. तिच्यातली सून एका हाताने विळी धरून दुसऱ्या हाताने कोबी चिरत होती. तुमचे हात थांबले. “गो, तिचो पाय खय आसा?”

त्या एका पायावर तुम्ही तासभर बोललात. गुडघा उभा, पाऊल पाटावर, अंगाचा भार तिथे. म्हणून तर दोन्ही हात मोकळे. सुरी भाजीवर फिरते, इथे भाजी पात्यावर फिरते, म्हणून कोबी दोन्ही हातांत धरून केसासारखा बारीक उतरतो. फणसाला पात्यालाही तेल आणि हातांनाही, नाहीतर चीक सुटत नाही. उठताना पातं आधी मिटवायचं, मग दाराची कडी वाजली तरी चालेल. आणि पाटावरचा तो खोलगट झिजलेला भाग? “ती सासूच्या पायाची जागा. तिचा पाय मोठा होता. माझा अजून तिथे बसत नाही.” मोजपट्टीने मला हे कुठून सांगितलं असतं?

प्रश्नाला उत्तर न देणारं माणूस चुकीची गोष्ट ऐकून गप्प बसू शकत नाही, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. माझ्या संशोधनाची पद्धत म्हणाल तर एवढीच. दुसऱ्या गोष्टीपासून मी मुद्दाम चुका पेरत होते, हे आज कबूल करते. तुम्ही ते केव्हाच ओळखलं होतंत, असा मला दाट संशय आहे.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने 1958 साली भारत सरकारला दिलेला अहवाल आमच्याकडे पोथीसारखा वाचतात. 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी तो आहे. त्यात साध्या लोट्याबद्दल प्रश्नांची लांबलचक यादी आहे: पाणी किती मावावं, उचलणारा हात केवढा, न्यायचा डोक्यावरून की कमरेवरून, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा. मी वाचत होते, तुम्ही मध्येच म्हणालात, “घासणारीचं काय?” तेही आहे, तोंड केवढं आणि आतला उतार कसा, ते घासण्याच्या हिशेबानेही विचारलंय. “मग शहाणी माणसं दिसतात.” यापेक्षा नेमकं परीक्षण मी त्या अहवालाचं वाचलेलं नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही ओट्यापाशी उभं राहून सुरी धरलीत. कोबी जाड व्हायला लागला आणि गिऱ्हाइकांनी विचारलंच. त्यावर मी शेवटची गोष्ट लिहिली आणि विळी भंगारात घातली. (ही चूक मुद्दाम नव्हती, मला खरंच तसं वाटलं होतं.) तुम्ही केवढ्या भडकलात! “आणि नारळ कोण खोवणार? तुझा मिक्सर?” मग सुनेने आडाळो खाली मांडला, बसली, आणि तुम्ही खुर्चीवरून तिला पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहिलात. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढंच आहे.

पुढच्या आठवड्यात प्रत घेऊन येते. आईची विळी माळ्यावरून काढली आहे, पात्याला गंज चढलाय. सायकलवरचा धारवाला तुमच्याकडे कोणत्या वारी येतो, तेवढं कळवा.

तुमची,
कोबी अजून जाडच चिरणारी