पाकिटावरचा दर ग्रॅममध्ये नको, किलोत छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किराणा मालाची पाकिटे हलकी होत चालली आहेत आणि छापील किंमत मात्र तीच आहे, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. तक्रार रास्त आहे, पण ती बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या नावाने केली जाते आणि तिथेच विरते. म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पाकिटावर ५०० ग्रॅम छापले आणि आत ४७० ग्रॅम भरले, तर तो काटा मारण्याचाच प्रकार आहे आणि त्याला कायदा आहे. पाकीटबंद मालाच्या वजन-मापांसाठी असलेल्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये किती फरक चालेल याचे कोष्टकच दिलेले आहे. १०० ते २०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार टक्के, ३०० ते ५०० ग्रॅममध्ये तीन टक्के, ५०० ग्रॅम ते एक किलोपर्यंत १५ ग्रॅम. हा फरक एखाद्या सुट्या पाकिटापुरता माफ आहे. तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. अशी तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकाकडे जाते आणि तिची दखल घ्यावीच लागते.

दुसरा प्रकार असा: पूर्वी ५०० ग्रॅम होते, आता ४६० छापले आहे आणि आत ४६०च आहेत. इथे एकही नियम मोडलेला नाही. व्यापारात याला 'ग्रामेज कमी केले' म्हणतात. निरीक्षक येऊन काटा लावील आणि सगळे बरोबर आहे म्हणून निघून जाईल. लोकांचा आज जो संताप आहे तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे आणि त्यावरचा उपाय नियम बदलण्यातच आहे.

या दरवाढीचा हिशेबही आपल्याकडून बरेचदा कमी धरला जातो. १०० ग्रॅमचे पाकीट ८० ग्रॅमचे झाले की आपण म्हणतो, वीस टक्के माल कमी झाला. ते बरोबर आहे, पण भाव २५ टक्क्यांनी वाढला. जुन्या वजनाला नव्या वजनाने भागायचे, एक वजा करायचा, की खरी वाढ कळते. एक लिटरची पिशवी त्याच किमतीत ८५० मिलिलिटरची झाली तर माल १५ टक्के घटला आणि भाव साडेसतरा टक्क्यांहून अधिक वाढला. हीच वाढ छापील किमतीत केली असती तर गिऱ्हाईक दुकानातच थबकले असते.

ते थबकू नये याची काळजी पाकिटाच्या रचनेतच घेतलेली असते. बिस्किटांची संख्या तीच राहते, प्रत्येक बिस्किटाची जाडी कमी होते. खोक्याचा दर्शनी भाग तेवढाच ठेवून खोली कमी केली जाते. बरणीचा तळ आतल्या बाजूला फुगवला जातो. साबणाच्या वडीला दोन्ही बाजूंनी खळगा येतो, 'हातात नीट बसावी' म्हणून. वेफर्सच्या पिशवीत नायट्रोजन भरावाच लागतो, नाहीतर माल चुरतो आणि खवट होतो. पण पिशवीचा आकार जुनाच ठेवून आतला माल घटवला, की ती हवा माल वाचवण्यापेक्षा पोकळी झाकण्याच्या कामी येते.

हे सगळे एवढे सोपे का झाले, ते पाहू. २०११ च्या नियमांना एक दुसरी अनुसूची जोडलेली होती. चहा, कॉफी, बिस्किटे, खाद्यतेल, डाळी-कडधान्ये, आटा-रवा, मीठ, दूध पावडर, साबण, धुण्याची पावडर अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक मापांतच विकायच्या, असे तीत बंधन होते. तेल घ्यायचे तर अर्धा लिटर, एक लिटर, दोन, पाच अशी मापे ठरलेली. त्यामुळे गिऱ्हाइकाला फक्त किंमत पाहावी लागे. नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ही अनुसूची काढून टाकण्यात आली. त्याबदल्यात प्रत्येक पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति नग दर छापण्याची अट आली. तिची अंमलबजावणी अनेकदा पुढे ढकलली गेली आणि अखेर १ जानेवारी २०२४ पासून ती सक्तीची झाली. कंपन्यांना हवे ते वजन भरू द्यावे आणि ग्राहकाने दर पाहून तुलना करावी, असा हा सौदा होता. सौद्याचा पहिला भाग कंपन्यांनी पुरेपूर वापरला आहे. दुसरा भाग मात्र ग्राहकाच्या हाती बोथट होऊन आला.

का बोथट, हे जरा तपशिलाने सांगायला हवे. नियम असा आहे: माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर प्रति ग्रॅम, एक किलोपेक्षा जास्त असेल तर प्रति किलो. तेला-पाण्यासारख्या पातळ मालाला हेच मिलिलिटर आणि लिटरमध्ये. आणि दर रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. गडबड आहे ती या दोन दशांशांत. ग्रॅमचा दर मुळातच काही पैशांत असतो. तो दोन दशांशांवर आणला की त्यातली सगळी माहिती पुसली जाते.

समजा, २५ रुपयांना ५०० ग्रॅम रवा मिळत होता. दर ग्रॅमला ०.०५ रुपये. आता २५ रुपयांतच ४६० ग्रॅम मिळतो. खरा दर ०.०५४३, पण पाकिटावर छापला जाणार पुन्हा ०.०५. किलोचा भाव ५० रुपयांवरून ५४ रुपये ३५ पैशांवर गेला, म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि ग्राहकाच्या सोयीसाठी छापलेला आकडा सांगतो की काहीच बदललेले नाही. मिठासारख्या स्वस्त वस्तूत तर हा दर जवळजवळ निरुपयोगी आहे. किलोला २५ रुपये पडणारे मीठ आणि किलोला साडेचौतीस रुपये पडणारे मीठ, या दोन्हींच्या अर्ध्या किलोच्या पुड्यांवर कायद्यानुसार ०.०३ हाच आकडा येतो. दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यात ५७ ग्रॅमचे ५५ केले तरी ०.१८ चा ०.१८च राहतो. महाग वस्तूत, उदाहरणार्थ कॉफी किंवा वेलदोड्यात, हा दोष जाणवत नाही, कारण तिथे ग्रॅमचा दरच रुपयांत असतो. म्हणजे सर्वांत अडाणी हिशेब नेमका सर्वांत गरजेच्या वस्तूंवर छापला जातो.

दुसरी अडचण मापे बदलण्याची. ८५० मिलिलिटरच्या तेलाच्या पिशवीची किंमत १३५ रुपये असेल, तर तिच्यावर प्रति मिलिलिटर ०.१६ असे छापलेले असते. शेजारच्या पाच लिटरच्या कॅनवर प्रति लिटर दर असतो. आणि एक लिटरच्या पिशवीवर वेगळा दर नसला तरी चालते, कारण किंमत आणि एकक दर एकच असतो. आता १५० रुपयांची एक लिटरची पिशवी आणि ही ०.१६ ची पिशवी यांत स्वस्त कोणती, हे दुकानात उभ्याउभ्या किती जणांना सांगता येईल? आणि ०.१६ ला हजाराने गुणून १६० रुपये धरले तरी ते चूकच, कारण खरा भाव १५८ रुपये ८२ पैसे आहे.

तेलाबद्दल आणखी थोडे लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणून ८५० मिलिलिटरची पिशवी आणि ८५० ग्रॅमची पिशवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत सुमारे ७७४ ग्रॅम तेल असते. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर ठळक आकडा तोच दिसतो आणि माल ७५ ग्रॅमच्या आसपास कमी असतो. यापूर्वी तापमानाचाही खेळ चालत असे. तेल गरम झाले की पसरते, त्यामुळे जास्त तापमान नमूद करून कमी वजनाचे तेल 'एक लिटर' म्हणून भरता येई. सोयाबीन तेलाचे उदाहरण केंद्र सरकारनेच दिले होते: २१ अंशांना एक लिटरचे वजन ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने खाद्यतेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून आकारमान आणि वजन दोन्ही छापायला सांगितले, १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. हा चांगला निर्णय होता. म्हणून तेल घेताना मिलिलिटरकडे न पाहता ग्रॅमचा आकडा शोधावा आणि तुलना वजनावरच करावी.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत वजन कमी करण्यावाचून त्यांच्यापुढे फारसा मार्ग नसतो, कारण पाचाचे साडेपाच केले तर सुट्या पैशांवरून प्रत्येक दुकानात अडते. खेड्यात, शाळेजवळच्या टपरीवर, ही किंमत म्हणजेच त्या मालाची ओळख असते. हे मला पटते. पण २४७ किंवा १३५ रुपयांच्या पाकिटाला सुट्या पैशांची सबब लागू होत नाही. तिथे वजन घटवण्याचे कारण एकच, वाढलेला भाव दिसू नये.

आणि दुसऱ्या बाजूने वारे आले की हेच पाकीट किती बोलके होते, तेही आपण पाहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबण, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा लहान पुड्यांत किंमत कमी न करता वजन वाढवून फायदा देण्याचा मार्ग अनेकांनी घेतला. वजन वाढते तेव्हा 'जादा' हा शब्द ठळक रंगात दर्शनी भागावर येतो. घटते तेव्हा नवा आकडा मागच्या बाजूला, जोडाच्या घडीजवळ, बॅच नंबरच्या शेजारी येऊन बसतो. म्हणजे वजनातला बदल ठळक छापणे कंपन्यांना जमत नाही, असे कोणी म्हणू नये.

इतर देशांनी नेमके एवढेच सक्तीचे केले आहे. ब्राझीलमध्ये जुने वजन, नवे वजन आणि घट किती टक्के, हे किमान सहा महिने पाकिटावरच छापावे लागते. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ दोन महिने फलक लावावा लागतो आणि त्यावर एकक दर किती वाढला तेही लिहावे लागते. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२४ पासून वजन घटवल्यावर तीन महिने तशी सूचना देणे सक्तीचे केले आणि न देणाऱ्याला दंड ठेवला. पाच टक्क्यांपर्यंतची घट तेवढी वगळली. यांतल्या कोणीही कंपन्यांना वजन घटवायला बंदी केलेली नाही.

आपल्याकडे यासाठी नवा कायदाही लागणार नाही, आहे त्या नियमांतच दुरुस्ती पुरेल. एकक दर ग्रॅमऐवजी सर्व पाकिटांवर प्रति किलो किंवा प्रति लिटरच असावा, माल ५० ग्रॅमचा असो की पाच किलोचा. वरच्या उदाहरणातल्या रव्यावर मग ५० च्या जागी ५४.३५ दिसेल आणि कोणालाही गुणाकार करावा लागणार नाही. हा दर एमआरपीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवा. वजन पाच टक्क्यांहून अधिक घटवले तर पुढचे सहा महिने जुने आणि नवे वजन दर्शनी भागावर छापले जावे. खाद्यतेलाचा दर फक्त वजनावर असावा. ऑनलाइन विक्रीत किमतीखाली किलोचा दर दाखवणे सक्तीचे करावे. 'एक पॅक' एवढ्यावर विकलेल्या मालाची तुलना होऊच शकत नाही. मोठ्या दुकानांनी फळीवरच्या चिठ्ठीवर प्रत्यक्ष विक्री किमतीनुसार दर लिहावा, कारण पाकिटावरचा दर एमआरपीवर काढलेला असतो आणि सवलत दिली की तो खरा राहत नाही. युरोपीय संघात एकक दर दाखवण्याचा निर्देश १९९८ पासून आहे, तेव्हा हे फार अवघड काम नसावे. दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या पुड्या तर या नियमांतून आज बहुतांशी वगळल्या आहेत. शाम्पू, कॉफी, मसाला अशा रोजच्या वस्तू रोजंदारीवरचे कुटुंब याच मापात घेते, म्हणून निदान वजन आणि किलोचा दर यांपुरती ही सूट काढावी.

नियम बदलेपर्यंत मोबाइलवरचा हिशेब करावा: किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. छापील ०.०५ वर विसंबू नये. नेहमीच्या मालाचे रिकामे पाकीट टाकण्याआधी वजन, एमआरपी आणि तारीख एकत्र दिसतील असा फोटो काढून ठेवावा, कारण जुने वजन नंतर कुठेच सापडत नाही. किराणा दुकानदाराला विचारावे, त्याला नवी पेटी उघडताना बदल सर्वांत आधी कळतो आणि बरेचदा जुना व नवा माल फळीवर एकत्रच असतो. छापील वजनापेक्षा माल कमी भरला, एकक दर छापलाच नाही किंवा चुकीचा छापला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार करावी. सोबत न फोडलेले पाकीट, बिल आणि बॅच नंबर असावा. फोडलेल्या पाकिटावरून कमी वजन सिद्ध करता येत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक