डोळ्यातली बुरशी आणि मेडिकलचे ड्रॉप

संपादक साहेब,

ऊसतोडीचा सीझन आला की डोळ्याला पाचट लागणं नेहमीचंच, त्या जखमेतून बुरशी शिरते, मग लोक मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप आणून घालतात, लाली जरा कमी होते पण बुरशी आत वाढतच राहते. सुरुवातीलाच नॅटामायसिनचे, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाचे, ड्रॉप मिळाले तर बऱ्याचदा डोळा वाचतो, पण ते औषध खोलवर पोचत नाही, बुरशी एकदा बुबुळामागे शिरली की थेट डोळ्यातच व्होरिकोनॅझोल नाहीतर अँफोटेरिसिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, तेही मायक्रोग्रॅममध्ये मोजून, आणि ते तालुक्याला कुठं मिळणार? निदान नॅटामायसिन तरी ग्रामीण रुग्णालयात कायम ठेवा आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे ड्रॉप देणं बंद करा, प्लीज.

- एक वाचक, कोल्हापूर